वंशावळीबाहेरच्या बायका

२०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली. त्यानंतरच्या काही महिन्यांत तहसील कचेऱ्या, शाळा आणि भूमी अभिलेख कार्यालये यांतील जुन्या दप्तरांवरची धूळ झटकली गेली. मोडी वाचणाऱ्या माणसाला अचानक मोल आले. पन्नास लाखांहून अधिक नोंदी हाती लागल्याचे शासनाने सांगितले. आरक्षणाच्या प्रश्नाची चर्चा येथे करावयाची नाही. तिचे स्थान वेगळे आहे. परंतु आजोबांच्या पलीकडचे नाव ज्या घरांत कोणाला ठाऊक नव्हते, त्या घरांत या निमित्ताने पणजोबा-खापरपणजोबांचा शोध सुरू झाला, आणि सामान्य शेतकरी आपल्या पूर्वजांचा कागद मागण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढला, ही गोष्ट लहान नव्हे.

या शोधातून सिद्ध झालेल्या वंशावळी प्रतिज्ञापत्रांवर उतरल्या तेव्हा त्यांचा घाट मात्र सर्वत्र एकच होता. वर मूळ पुरुष, त्याखाली त्याचे मुलगे, त्यांखाली त्यांचे मुलगे. चार-पाच पिढ्यांच्या या वृक्षात एकही बाई नाही. फांदीला फांदी फुटावी तसा पुरुषाला पुरुष फुटला आहे. दावा पितृकुळाकडून सिद्ध करावयाचा म्हणून कचेरीने बायकांची नावे विचारली नाहीत, आणि कचेरीने न विचारलेली नावे घरानेही सांगितली नाहीत. ज्या श्राद्धविधीला पुरोगामी मंडळी नावे ठेवतात, त्यात निदान माता, पितामही आणि प्रपितामही अशा तीन पिढ्यांच्या स्त्रियांचा नावानिशी उच्चार होतो. मुद्रांकाच्या कागदावर तेवढाही होत नाही.

घरातील एखाद्या पूर्वजेचे आयुष्य शोधावे, तिच्याविषयी घरात सांगितल्या जाणाऱ्या कथा कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात, असे कोणी सुचवले तर चळवळीतल्या माणसाला तो रिकामपणाचा उद्योग वाटण्याचा संभव आहे. या संशयाला कारणही आहे. विसाव्या शतकात मुख्यतः चित्पावन घराण्यांनी कुलवृत्तांत छापण्याची जी परंपरा रुजवली, तिच्यात वंशाभिमानाचा भाग पुष्कळ होता. त्या ग्रंथांत लेक लग्नापर्यंत दिसते आणि मग दुसऱ्याच्या कुलवृत्तांतात विरघळते. परंतु कुळाची थोरवी सांगण्यासाठी केलेला शोध आणि कुळाने काय दडवले हे पाहण्यासाठी केलेला शोध या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात पूर्वज शोभेसाठी लागतात. दुसऱ्यात जमीन कोणाची होती, श्रम कोणी केले आणि नाव कोणाचे लागले, हे प्रश्न येतात. हे प्रश्न समाजवाद्यांचे नाहीत असे कोण म्हणेल?

शोध करणाऱ्याने आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सरकारी दप्तर हे बायकांचे चरित्र लिहिण्यासाठी निर्माण झालेले नाही. सारा कोणाकडून वसूल करावयाचा, खटला कोणावर चालवावयाचा, वारस कोणाला धरावयाचे, एवढ्यासाठीच ते लिहिले गेले. म्हणून सुरळीत चाललेल्या संसारातली बाई दप्तरात आढळत नाही. ती आढळते ती नवरा मेल्यावर, वाटणीच्या वेळी, कर्जात, तंट्यात. म्हणजे मालमत्तेच्या वाटेत कोठे तरी ती आडवी आल्यावर. घरातल्या कथेचेही तसेच आहे. ‘आजी फार सोशिक होती’ या वाक्याला सांगणाऱ्याचे हितसंबंध चिकटलेले असतात. कागद आणि कथा हे दोन्ही हितसंबंधी साक्षीदार आहेत. एकावर विश्वास ठेवून दुसऱ्याला खोटे ठरवणे सोपे असते. पण दोघांच्या जबान्या जेथे जुळत नाहीत, नेमके तेथे थांबून विचारपूस करणे हे खरे काम आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील कुणबी-मराठा, माळी, धनगर घरांत वारंवार ऐकू येणारी एक कथा घ्या. पणजीला तरुणपणी वैधव्य आले, ‘ती लवकरच गेली’, आणि मुलांना चुलत्यांनी वाढवले. आता त्या गावची फेरफाराची वही, म्हणजे गाव नमुना ६, उघडावी. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, तेव्हापासून मालकीतला प्रत्येक बदल या वहीत लिहिला जातो. तिच्यात मयत खातेदाराच्या नावाखाली अशी नोंद सापडू शकते की त्याच्या विधवेने पाट लावल्यामुळे तिचे नाव कमी केले आहे. पणजी गेली होती हे खरे. पण ती मेली नव्हती, दुसऱ्या घरी गेली होती. शेतकरी जातींत पाटाची चाल उघड आणि प्रतिष्ठित होती. पुढे वरच्या जातींचे अनुकरण सुरू झाल्यावर पाट लावणे कमीपणाचे वाटू लागले, आणि जिवंत बाईला कथेत मारून टाकणे घराला अधिक सोयीचे झाले.

त्या नोंदीमागे कायदाही उभा आहे. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आपल्याकडे सुधारणेचा मानबिंदू म्हणून शिकवला जातो. त्याच्या दुसऱ्या कलमान्वये मात्र पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेतील हक्क, जणू ती मरण पावली आहे असे समजून, संपुष्टात येत असे. ज्या जातींत पुनर्विवाहाची चाल आधीपासूनच होती, त्यांच्या बायकांना या कायद्याची गरज नव्हती. तरीही हे कलम त्यांनाही लागू आहे, असा अर्थ मुंबईच्या उच्च न्यायालयाने लावला. अलाहाबादच्या न्यायालयाने उलट मत दिले होते. ब्राह्मण विधवेला मोकळे करण्यासाठी केलेला कायदा कुणब्याच्या विधवेची जमीन काढून घेण्यास उपयोगी पडला. हा कायदा १९८३ मध्ये रद्द होईपर्यंत सव्वाशे वर्षे लोटली होती. घरातली ‘लवकर गेलेली’ पणजी शोधणाऱ्याला असा मोठा इतिहास एका ओळीच्या नोंदीत भेटतो.

या कलमाची झळ ओळखून आधीच हालचाल केलेल्या एका स्त्रीचे उदाहरण सार्वजनिक इतिहासात नोंदलेले आहे. डॉ. रखमाबाईंच्या आई जयंतीबाई यांना लहान वयात वैधव्य आले. डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करण्यापूर्वी त्यांनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली. पुढे १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी रखमाबाई नांदावयास याव्यात म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. या मालमत्तेच्या लोभाने सासरे आपल्या पत्नीला पाठवीत नाहीत, असे नवऱ्याच्या बाजूचे म्हणणे होते. अजाण वयात लावलेले लग्न आपण मानत नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे. एकाच घराच्या दोन कथा छापून बाहेर पडल्या आणि दोन्हींच्या मध्ये न्यायालयाची कागदपत्रे उभी राहिली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. १८८६ मध्ये तो फिरवला गेला. १८८७ च्या मार्चमध्ये नवऱ्याकडे जावे अथवा सहा महिन्यांचा तुरुंगवास पत्करावा, असा हुकूम झाला. आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. रखमाबाई थोर म्हणून त्यांचे नाव राहिले. त्यांच्यामागे जयंतीबाईंची जी धोरणी व्यवहारदृष्टी होती, तिची आठवण कोणी काढत नाही. ती दिसते फक्त मालमत्तेच्या कागदात.

विधवा दुसऱ्या घरी गेली नाही तर दप्तर तिला कसे लिहिते? जुन्या सातबारावर ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे पुष्कळदा दिसतात. अज्ञान पालन कर्ता, असा त्यांचा विस्तार. खातेदार चार वर्षांचा मुलगा. आई त्याची पालक. नांगरट, पेरणी, सावकाराशी बोलणी, साऱ्याचा हप्ता हे सारे चौदा-पंधरा वर्षे त्या बाईने पाहिले, आणि मुलगा सज्ञान झाल्यावर तलाठ्याच्या एका रेघेसरशी तिची ती तीन अक्षरेही गेली. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला मर्यादित हक्क दिला आणि १९५६ च्या वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने त्या मर्यादित हक्काचे पूर्ण मालकीत रूपांतर झाले. दोन्ही कायदे गावच्या चावडीपर्यंत पोचले नाहीत, किंवा पोचूनही बाहेरच थांबले. अशा घरातली कथा बहुधा चुलत्याच्या मोठेपणाची असते. चुलत्याने आधार दिलाही असेल. परंतु त्या वर्षांतल्या साऱ्याच्या पावत्या आणि तगाईचे कागद कोणाच्या अंगठ्याचे आहेत, हे पाहिल्यावाचून त्या कथेवर शिक्का मारू नये.

सर्वांत अधिक काळजीने तपासण्यासारखी कथा मात्र लेकीविषयीची असते. ‘आत्यांनी राजीखुशीने हक्क सोडला’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत ऐकू येते. ते इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ती एक कौटुंबिक आठवण आहे असे वाटावे. वास्तविक ते मालमत्तेच्या दाव्यातले एका पक्षाचे निवेदन आहे. त्याची तपासणी करण्यास मार्ग आहेत. वडील वारल्यानंतर तलाठ्याकडे वारसाची वर्दी कोणी दिली, वारसांच्या नोंदवहीत (नमुना ६-क) लेकींची नावे आली की नाहीत, त्यांना नोटीस बजावल्याची सही वा अंगठा आहे काय, हे त्या वहीत दिसते. कित्येक ठिकाणी थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, म्हणून एकट्याचे लागलेले असते. कोठे बहिणींची नावे खातेदारांत नसून ‘इतर हक्क’ या रकान्यात, सोसायटीच्या बोजाच्या शेजारी बसवलेली असतात. जणू बहीण हाही जमिनीवरचा एक बोजाच!

स्थावर मालमत्तेतला हक्क सोडावयाचा तर त्याचे हक्कसोडपत्र नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावे लागते. असे पत्र असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. नसेल, आणि केवळ ‘बहिणींनी जबाबाने हक्क सोडला’ एवढ्यावर फेरफार मंजूर झाला असेल, तर राजीखुशीच्या कथेला कागदाचा आधार नाही. पत्र असले तरी त्याची तारीख पाहावी. ते भावाच्या घरात लेकीच्या बाळंतपणाच्या सुमारास झाले, की सासरी नांदणे कठीण झालेली बहीण आश्रयाला आली होती तेव्हा झाले, की वडिलांच्या तेराव्यानंतर आठ दिवसांत झाले? मोबदल्याच्या जागी ‘साडीचोळी’ लिहिली आहे की ‘प्रेमापोटी’ असे लिहिले आहे? महसुली नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, ती सारावसुलीपुरती असते, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. कागदावरून नाव गेले म्हणून हक्क गेलाच असे नाही, हे गावातल्या किती लेकींना कोणी सांगितले?

याला सरळ वर्तमानातला अर्थ आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायकाचा हक्क दिला. त्यातून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हा हक्क जन्मसिद्ध आहे आणि २००५ साली वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्वाळा दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहिल्या. या तारखेमुळे कित्येक घरांत जुन्या तोंडी वाटण्यांच्या कथा नव्याने रचल्या जाण्याचा मोह होणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. अशा वेळी कथा आणि कागद यांची तारीखवार मांडणी करता येणे हे निव्वळ इतिहासाचे काम राहत नाही.

जन्म-मृत्यूच्या नोंदी वाचण्याचे काम याहून अवघड, कारण त्या थोडक्यात लिहिलेल्या असतात आणि थोडक्यात पुष्कळ सांगतात. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल पुस्तक म्हणतात, त्यात बाई ‘अमक्याची बायको’ असते आणि जन्मलेले मूल नुसतेच ‘मुलगी’ असते. मृत्यूचे कारण म्हणून पटकी, देवी, प्लेग, ताप, इजा असे ठराविक प्रकार. ‘आजी तापाने गेली’ हे घरातले वाक्य आणि ‘ताप’ हा रकान्यातला शब्द तंतोतंत जुळतात, आणि शोधणारा समाधान पावून वही मिटतो. त्याने जन्माची पाने चाळली तर त्याच घरात तीनच दिवसांपूर्वी मूल जन्मल्याची नोंद दिसू शकते. तो बाळंतज्वर होता. ‘प्लेगात गेली’ असे सांगितले जाते आणि नोंद १९१८ च्या ऑक्टोबरातली निघते. म्हणजे ती इन्फ्लुएन्झाची, लोकांच्या भाषेत मानमोडीची, साथ होय. मुंबई इलाख्यात तिने दहा लाखांवर माणसे नेली. येथे कथेने लबाडी केलेली नाही. दोन मोठ्या साथी आठवणीत एक झाल्या, एवढेच. पण ‘पाय घसरून विहिरीत पडली’ ही कथा आणि ‘इजा’ हा रकाना यांच्या मध्ये काय होते, ते कोणत्याच वहीत लिहिलेले नाही. त्या घरात त्या वर्षी दुसरे लग्न झाले काय, एवढे पाहता येते.

गिरणगावात गेलेल्या बायकांचा शोध निराळ्या दप्तरांतून घ्यावा लागतो. कोकणातून आणि घाटावरून मुंबईला आलेल्या कुटुंबांत ‘आजोबा गिरणीत होते’ एवढेच सांगितले जाते. आजी चाळीत होती, ती घरकाम करी. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांवर त्यांचाच भर होता आणि त्यांच्यावर मुकादमी करणारी नायकीण असे. १९२८-२९ च्या संपात त्या रस्त्यावर होत्या. मग बायकांना रात्रपाळीची बंदी, मातृत्वलाभाच्या १९२९ च्या कायद्याने मालकावर पडलेला खर्च आणि तिसाव्या दशकातली काटकसर या साऱ्यांचा हिशोब मालकांनी बायकांना कमी करूनच जुळवला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपापर्यंत गिरण्यांतल्या बायका शेकडा काहीच उरल्या होत्या. नात विचारू लागते तेव्हा घराला आठवते ती शेवटची आजी, चुलीजवळची. खात्यात उभी असलेली आजी त्याआधीची.

तिचा पुरावा तिकीट नंबर, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, कामगार विम्याचे कार्ड, रजेची वही असा चिटोऱ्यांच्या रूपात असतो आणि तो ट्रंकेच्या तळाशी पडलेला असतो. गिरणी कामगारांना घरे देण्याच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर पटावर असलेल्या कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना पात्र ठरवले गेले आणि २०१२ साली पहिली सोडत निघाली. तेव्हा असल्याच चिटोऱ्यांनी घराची किंमत ठरली. आजीचे तिकीट वेगळे होते हे ठाऊक असणे आणि नसणे यांत किती अंतर पडते, हे वेगळे सांगावयास नको.

खानावळवालीचे तर चिटोरेही नाही. दहा-पंधरा कामगारांना दोन वेळा जेवू घालणारी बाई गिरणीच्या अर्थव्यवस्थेचा भाग होती. तिच्या भाकरीशिवाय ती मजुरी त्या दरात मालकाला मिळालीच नसती. पण शिरगणतीत ती ‘घरकाम करणारी’ होती. १९६१ च्या शिरगणतीत देशात कामकरी स्त्रियांची संख्या सुमारे सहा कोटी होती. १९७१ मध्ये ती तीन कोटींच्या घरात आली. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी काम सोडून दिले असे घडलेले नाही. प्रश्न बदलला होता: ‘मुख्य काम कोणते?’ असे विचारले गेले, आणि उत्तर बहुधा घरातल्या पुरुषाने दिले. १९७४ साली सादर झालेल्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या राष्ट्रीय समितीच्या अहवालाने या गोंधळाकडे लक्ष वेधले होते. आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा बँकेच्या कर्जाच्या अर्जावर या बायकांचा धंदा ‘धंदा’ म्हणून पहिल्यांदा लिहिला गेला. ज्या घरातल्या आजीने असे कर्ज काढले असेल, तिचे चरित्र शिरगणतीत न शोधता बँकेच्या खातेवहीत शोधावे.

उलट दिशेने फसवणाऱ्या कथाही असतात, आणि त्या चळवळीच्या घरांत अधिक. १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या मुलखात भूमिगतांना भाकरी पोचवली नाही असे घर आज सापडणे कठीण. प्रत्येकाच्या आजीने नाना पाटलांना कणगीत लपवले होते. १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मानवेतनासाठी तुरुंगवासाचा किंवा फरारी असल्याचा पुरावा मागण्यात आला. बायकांनी जे काम केले त्याला वॉरंट निघत नसल्यामुळे पुरावा नव्हता, आणि पुरावा नसल्यामुळे खरी आणि मागाहून रंगवलेली कथा यांची सरमिसळ झाली. येथे दप्तराच्या अभावाने कथा खोटी ठरत नाही, पण तिच्यावर भरवसा ठेवण्यापूर्वी तारखा, अंतरे, त्या वर्षी आजी कोणत्या गावात नांदत होती, एवढे तरी पाहावे. आदरापोटी ही तपासणी टाळली तर जिने खरोखर धोका पत्करला तिच्यावरच अन्याय होतो.

भूमिहीनांच्या घरी सातबारा नाही, मग त्यांच्या पूर्वजांचा माग कसा काढावा? १९५८ मध्ये रद्द झालेल्या महार वतनाच्या कागदांत काही घरे भेटतील. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली सोलापूरसारख्या सेटलमेंटमध्ये काटेरी कुंपणाआड ठेवलेल्या जमातींची कुटुंबे पोलिसांच्या हजेरीवह्यांत भेटतील. तो कायदा १९५२ मध्ये गेला. ज्या बाईची राज्याने एवढीच नोंद केली की ती हजेरीला उपस्थित होती, तिच्या नातवंडांनी तो कागद लाजेने लपवण्याचे कारण नाही. लाज ज्याने लिहिला त्याची आहे. मराठवाड्यात निजामी अमलातील उर्दू दप्तर वाचणारा माणूस शोधण्यापासून आरंभ करावा लागतो.

जेथे कागद नाही आणि कथा पुरुषांची आहे, तेथेही बायकांचे म्हणणे सर्वस्वी बुडालेले नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून आरंभ करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत गावाची, गाणारीची नावे आहेत. ओवीत तारीख नसते, पण सासरचा जाच, भावाचा दुरावा, लेकीचे ओझे यांविषयी घरातली कथा जे सांगत नाही ते असते. एखाद्या आत्याने खुशीने हक्क सोडला असे घर सांगत असेल आणि तिच्या ओव्या ज्या बायकांना पाठ आहेत त्या निराळेच गात असतील, तर त्या साक्षीला रकाना नाही म्हणून ती फेटाळता येणार नाही.

एक भान मात्र शोधणाऱ्याने ठेवावे. काही गोष्टी त्या बाईनेच लपवल्या असतील. पाट, टाकलेला नवरा, दुसऱ्याच्या नावावर वाढवलेले मूल यांविषयी तिने आयुष्यभर मौन पाळले असेल, तर ते मौन मोडताना हयात माणसांचा विचार करावा. घराच्या प्रतिष्ठेसाठी दडवलेले आणि तिने स्वतःच्या बचावासाठी दडवलेले, यांत फरक आहे. तो प्रत्येक वेळी आधी ठरवून घ्यावा लागतो, आणि तो कोणत्याही नियमाने ठरत नाही.

कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम येथे पुष्कळ आहे आणि त्याला निधी लागत नाही. अनेक तालुक्यांतील जुनी दप्तरे आता छायांकित होऊन पाहता येतात. जी नाहीत त्यांची नक्कल माहितीच्या अधिकाराने, २००५ च्या कायद्याने, मागता येते. फेरफार वाचावयास शिकवणारे दोन दिवसांचे शिबिर तालुक्याच्या गावी सहज घेता येईल. एखादा निवृत्त तलाठी आनंदाने येईल. शिबिराला बहिणी आणि भाऊ दोघांनाही बोलवावे, म्हणजे कज्जे माजवल्याचा आरोप करणाऱ्यांना उत्तर तेथल्या तेथे मिळेल. शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याची पद्धत घातली आहे. ती पुढच्या पिढ्यांच्या शोधाला उपयोगी पडेल. मागच्यांसाठी तसा काही आधार नाही, कारण लग्नात आडनावाबरोबर पुष्कळ ठिकाणी पहिले नावही बदलले जाई, आणि सासरच्या दप्तरात जी ‘लक्ष्मीबाई’ आहे तीच माहेरच्या दप्तरातली ‘कोंडाबाई’ हे सांगणारे माणूस घरात एखादेच उरलेले असते.

त्या माणसाला आधी गाठावे. बहुतेक वेळा ती ऐंशी-पंच्याऐंशीची एखादी मावशी किंवा धाकटी जाऊ असते. तिला आजीच्या माहेरचे गाव, तिचे माहेरचे नाव, तिच्या भावांची नावे आणि ती कितव्या वर्षी सासरी आली, एवढे विचारून लिहून घ्यावे. मग सासरची चावडी बाजूला ठेवून माहेरच्या गावी जावे आणि तेथल्या तलाठ्याकडे तिच्या बापाच्या मृत्यूनंतरचा पहिला फेरफार मागावा.